मानेच्या मणक्याची शस्त्रक्रिया : कळ थांबल्यानंतरचे महिने

मानेत सात मणके असतात. पाचवा-सहावा आणि सहावा-सातवा यांच्यामधील चकत्या सर्वाधिक त्रास देतात. सरकलेली चकती नसेवर दाबली की कळ खांद्यातून बोटांपर्यंत उतरते. बहुतेकांना औषधे व व्यायामाने बरे वाटते. ज्यांना वाटत नाही किंवा ज्यांच्या हाताची ताकद जाऊ लागते, त्यांच्यावर शस्त्रक्रिया करतात. १९५०च्या दशकात रूढ झालेल्या पद्धतीत गळ्याच्या पुढच्या बाजूने चकती काढतात, त्या जागी हाडाचा तुकडा किंवा केज बसवतात आणि अनेकदा वरून टायटॅनियमची प्लेट स्क्रूने आवळतात.

इथे दोन कामे होतात आणि दोघांचे वेळापत्रक वेगळे आहे. नसेवरचा दाब त्याच दिवशी जातो. दोन मणके हाडाने सांधायला मात्र कित्येक महिने, कधी वर्षही लागते. माझ्या शस्त्रक्रियेनंतर कळ दुसऱ्या दिवशीच थांबली आणि तिसऱ्या आठवड्यात मी न्हाणीघरातली भरलेली बादली उचलायला वाकलो. पत्नी ओरडली म्हणून थांबलो. वर्गात मेटल फटीग शिकवणारा माणूस मी!

प्लेट असताना भीती कसली? बांधकामाची तार हातात घ्या. एकदा वाकवून ती तुटत नाही, पण पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते. प्लेट-स्क्रूवरही प्रत्येक हालचालीला भार येतो. हाड जुळत जाते तसा हा भार हाडाकडे सरकतो. ते जुळलेच नाही तर स्क्रू सैल होतो किंवा तुटतो. धातू थकण्याआधी हाड जुळायला हवे.

आता एक सोपे गणित करू. डोक्याचे वजन ५० न्यूटन धरा आणि मागचे स्नायू मणक्यापासून ४ सेंटिमीटरवर. डोक्याचा गुरुत्वमध्य २ सेंटिमीटर पुढे असेल तर स्नायूंना २५ न्यूटन ओढ द्यावी लागते. मणक्यावर एकूण ७५. मोबाइल पाहताना तो १० सेंटिमीटर पुढे गेला तर ओढ १२५ आणि एकूण भार १७५! म्हणून मोबाइल डोळ्यांसमोर धरा आणि वजन किती उचलायचे ते सर्जनला विचारा. सुरुवातीला ही मर्यादा दोन-चार किलोच असते. १५ लिटरची बादली त्यात बसत नाही.

पण अंथरुणाला खिळून राहणेही चूक. हाड भारानुसार घडते, हे युलियस वोल्फ यांनी १८९२मध्ये मांडले. रोज चालणे हा योग्य भार आहे. तंबाखू मात्र कोणत्याही रूपात नको. निकोटिनमुळे हाड जुळण्यात अडथळा येतो. पट्टा सर्जन सांगतील तेवढेच दिवस.

पहिले काही दिवस गिळताना त्रास होतो, आवाज बसतो. बहुतेकांचे हे आपोआप सुधारते. बधिरपणा चिवट असतो. नसेचे तंतूच तुटले असतील तर ते दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढतात. मानेपासून बोटापर्यंतचे ७० सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ दोन वर्षे. तेव्हा महिन्याभरात बोट जागे झाले नाही म्हणून शस्त्रक्रिया फसली असे समजू नका.

गळ्याची सूज वाढणे, श्वास अडणे, हातापायांत नवी कमजोरी येणे, लघवीवरचा ताबा जाणे, यांपैकी काहीही दिसले तर ताबडतोब रुग्णालय गाठा. ताप आला किंवा जखमेतून स्राव सुरू झाला तर त्याच दिवशी सर्जनला कळवा.