दिल्लीतील जुनी छोटी मोटार : दुरुस्तीच्या खर्चाआधी नोंदणीचे वर्ष पाहा

दिल्लीतील गॅरेजमध्ये जुनी मोटार नेली की मिस्त्रीचा पहिला प्रश्न पूर्वी "किती किलोमीटर चालली?" असा असे. आता त्याआधी "कुठल्या सालची, आणि बीएस-३ की बीएस-४?" असे विचारले जाते. राजधानी परिसरातील जुन्या हॅचबॅक मोटारींबाबत हा प्रश्न अनाठायी नाही. इंजिन सुस्थितीत असूनही काही मोटारींवर केलेला खर्च वाया जाण्याचा धोका आहे, तर तेवढ्याच जुन्या दिसणाऱ्या दुसऱ्या मोटारीवर वीस हजार रुपये खर्च करणे पूर्णपणे व्यवहार्य ठरू शकते.

छोट्या मोटारीचे युग याच परिसरात सुरू झाले. गुडगावच्या, म्हणजे आजच्या गुरुग्रामच्या कारखान्यात तयार झालेल्या पहिल्या मारुती ८०० मोटारीची किल्ली तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी १४ डिसेंबर १९८३ रोजी ग्राहकाच्या हाती दिली. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९९ मधील आदेशामुळे दिल्ली परिसरात युरो-१ आणि पाठोपाठ एप्रिल २००० पासून युरो-२ मानके लागू झाली. कार्ब्युरेटर मागे पडून इंधन अंतःक्षेपणाची, म्हणजे एमपीएफआय पद्धतीची इंजिने आली. १ एप्रिल २०१० रोजी राजधानी परिसरासह तेरा शहरांत बीएस-४ मानक लागू झाले, तेव्हा मारुती ८०० चे इंजिन त्यात बसत नसल्याने तिची विक्री या शहरांत थांबवण्यात आली. इतरत्र ती विकली जात राहिली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन बंद झाले. त्याच कुळातील ऑल्टो मात्र ७९६ घन सेंटिमीटर क्षमतेच्या सुधारित इंजिनासह बीएस-४ मध्ये दाखल झाली. या फरकाला आज विलक्षण महत्त्व आले आहे.

राष्ट्रीय हरित लवादाने १५ वर्षांहून जुन्या वाहनांना २०१४ मध्ये आणि दहा वर्षांहून जुन्या डिझेल वाहनांना २०१५ मध्ये दिल्ली परिसरात मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑक्टोबर २०१८ रोजी ही मनाई कायम ठेवली. अशा वाहनांना १ जुलै २०२५ पासून पंपावर इंधन न देण्याचा निर्णय अंमलात येताच मागे घ्यावा लागला. त्यानंतर १२ ऑगस्ट २०२५ रोजी न्यायालयाने केवळ वयाच्या आधारे मालकांवर सक्तीची कारवाई करू नये, असा अंतरिम आदेश दिला. १७ डिसेंबर २०२५ रोजी मात्र हा दिलासा बीएस-४ आणि त्यापुढील वाहनांपुरता मर्यादित करण्यात आला. याचा अर्थ असा की २०१० च्या उन्हाळ्यात दिल्लीत घेतलेल्या ऑल्टोला तूर्त संरक्षण आहे. त्याच वर्षी जानेवारीत घेतलेल्या मारुती ८०० ला ते नाही.

महाराष्ट्रातून बदलीवर आलेल्या कुटुंबांनी येथे विशेष काळजी घ्यावी. वर उल्लेखिलेल्या तेरा शहरांत मुंबई, पुणे आणि सोलापूर होते. नाशिक किंवा नागपूर नव्हते. त्यामुळे २०११ मध्ये नाशिकला घेतलेली मोटार बीएस-३ असू शकते. प्रदूषण वाढून श्रेणीबद्ध कृती आराखड्याचा तिसरा टप्पा लागू झाला की बीएस-३ पेट्रोल मोटारींना दिल्लीसह गुरुग्राम, फरिदाबाद, गाझियाबाद आणि गौतमबुद्धनगर जिल्ह्यांत फिरण्यास बंदी असते. उत्सर्जन मानकाची नोंद नोंदणी प्रमाणपत्रावर किंवा परिवहन मंत्रालयाच्या 'वाहन' संकेतस्थळावर पाहता येते. इंजिनाला हात लावण्यापूर्वी ती पाहणे आवश्यक आहे.

उष्णता आणि कोंडी

पुढे दिलेले खर्चाचे आकडे ऑल्टो वर्गातील मोटारीसाठी खासगी गॅरेजमधील ढोबळ अंदाज आहेत. सुट्या भागांचा दर्जा आणि ठिकाण यांनुसार ते बदलतात. कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात बहुधा अधिक असतात.

दिल्लीत जुन्या छोट्या मोटारीचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे उन्हाळा. पारा ४५ अंशांकडे झुकलेला, वातानुकूलन चालू आणि मोटार चौकात उभी, अशा स्थितीत लहान रेडिएटरची कसोटी लागते. अनेक मालक कूलंटऐवजी नळाचे किंवा बोअरचे पाणी भरतात. त्यातील क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचतात, वाट अरुंद होते आणि इंजिन तापू लागते. त्यावर काही मिस्त्री थर्मोस्टॅटच काढून टाकतात. हा उपाय लोकप्रिय असला तरी चुकीचा आहे. थर्मोस्टॅट नसल्यास हिवाळ्यात इंजिन योग्य तापमानाला पोहोचत नाही, संगणक ते थंड समजून अधिक पेट्रोल सोडतो, मायलेज घसरते आणि धूर वाढतो.

वेळीच लक्ष दिले तर हे काम स्वस्त आहे. थर्मोस्टॅट, रबरी होज पाइप, रेडिएटरचे झाकण आणि नवे कूलंट मिळून दीड ते अडीच हजार रुपये लागतात. नवा रेडिएटर बसवल्यास आणखी अडीच ते साडेचार हजार. दुर्लक्ष केल्यास मात्र ॲल्युमिनियमचे सिलिंडर हेड उष्णतेने वाकते आणि हेड गॅस्केट जळते. कूलंट कुठेही न गळता कमी होत राहणे, ऑइलचा रंग दुधाळ होणे, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येणे ही त्याची लक्षणे आहेत. हेड उतरवून, लेथवर सपाट करून पुन्हा बसवण्यास सहा ते दहा हजार रुपये खर्च येतो. तापमानाचा काटा वर गेला असता "घरी पोहोचू, मग बघू" म्हणून रेटलेले चार किलोमीटर एवढे महाग पडतात.

कोंडीचा फटका क्लचला बसतो. रिंगरोडवर संध्याकाळी अर्धा क्लच दाबून गाडी पुढे सरकवण्याची सवय क्लच प्लेट झिजवते. इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, किंवा चढावर जळका वास येतो, तेव्हा प्लेट संपली असे समजावे. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागत असल्याने प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग एकदमच बदलणे शहाणपणाचे. मजुरीसह चार ते सहा हजार रुपये पुरतात. मात्र क्लच केवळ जड झाला असेल तर आधी काही शे रुपयांची केबल तपासून घ्यावी.

धुराचा रंग आणि मिस्त्रीचा अंदाज

जुन्या मोटारीच्या मालकाला सर्वाधिक धास्ती 'इंजिन काम मागते आहे' या वाक्याची असते. संपूर्ण इंजिन उघडून पिस्टन, रिंगा आणि बेअरिंगे बदलण्यास पंचवीस ते चाळीस हजार रुपये लागतात. पंधरा वर्षांच्या मोटारीला विक्रीत मिळणाऱ्या रकमेचा हा मोठा हिस्सा आहे. म्हणून निदान नेमके असणे महत्त्वाचे.

निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे, एवढे सर्वांना ठाऊक असते. ते कोणत्या वाटेने जळते, हे मात्र विचारले जात नाही. सकाळी मोटार सुरू करताच निळा धूर येऊन काही क्षणांत थांबत असेल, तर बहुधा व्हॉल्व्हची रबरी सील कडक झालेली असतात. रात्रभरात ऑइल पाझरून खाली उतरते. हे काम काही हजारांत होते. चढावर किंवा वेग घेताना सतत निळा धूर येत असेल, तर संशय रिंगांवर जातो. शंका राहिल्यास प्रत्येक सिलिंडरची कॉम्प्रेशन चाचणी करून घ्यावी. स्पार्क प्लगच्या जागी दाबमापक लावून केली जाणारी ही चाचणी काही शे रुपयांची आहे आणि ती न करता इंजिन उघडण्यास संमती देऊ नये, असे प्रस्तुत लेखिकेचे स्पष्ट मत आहे. काळ्या धुराचा अर्थ पेट्रोल जादा जाते आहे. त्याचे मूळ अनेकदा तुंबलेल्या एअर फिल्टरमध्ये किंवा निकामी ऑक्सिजन सेन्सरमध्ये सापडते.

धुराकडे दुर्लक्ष करण्याची सोय आता उरलेली नाही. वैध पीयूसी प्रमाणपत्राअभावी दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे आणि डिसेंबर २०२५ मध्ये दिल्लीत पीयूसी नसलेल्या वाहनांना इंधन नाकारण्याचा निर्णयही घेण्यात आला.

टायमिंग बेल्टविषयी थोडक्यात सांगायचे तर हा रबरी पट्टा तुटण्यापूर्वी कोणतीही सूचना देत नाही. जुन्या ऑल्टो आणि सँट्रोमध्ये तो आहे; २०१० मध्ये नव्या रूपात आलेल्या वॅगन आरच्या के-मालिकेतील इंजिनात त्याऐवजी साखळी आहे. पट्टा तुटल्यावर अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात. टेन्शनरसह तो बदलण्याचा दीड ते तीन हजारांचा खर्च टाळून हेड उघडण्याची वेळ येणे हा निव्वळ तोटा आहे. जुनी मोटार विकत घेताना पट्टा कधी बदलला याची पावती मिळाली नाही, तर तो बदललेला नाही असेच धरावे.

सस्पेंशनचे खडखडाट, बॅटरी आणि ब्रेक पॅड ही नित्याची कामे आहेत. पुढील दोन शॉक ॲब्सॉर्बरना मिळून चार ते सहा हजार, बॅटरीला साडेतीन ते साडेचार हजार. वातानुकूलनाचा कॉम्प्रेसर गेला तर मात्र आठ ते पंधरा हजारांचा फटका बसतो. पावसाळ्यात आणखी एक संकट असते. कॅनॉट प्लेसजवळचा मिंटो ब्रिज (रेल्वे स्थानकाचे नाव शिवाजी ब्रिज, हे मराठी वाचकांना ठाऊक असेलच) तुंबला की त्याखाली मोटारी अडकतात. पाण्यात बंद पडलेली मोटार पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही; कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन संपते.

वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची भर अलीकडे पडली आहे. काही जुन्या वाहनांत वीस ते तीस हजार किलोमीटरच्या वापरानंतर रबरी भाग आणि गॅस्केट बदलावी लागू शकतात, असे पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये स्पष्ट केले. इंधनाच्या नळ्यांना भेगा नाहीत ना, हे प्रत्येक सर्व्हिसिंगच्या वेळी पाहावे. पेट्रोलचा वास येणारी मोटार चालवू नये.

सुटे भाग स्वस्त हवे असल्यास काश्मिरी गेटच्या बाजारात ते मिळतात. मात्र अस्सल वेष्टनाची नक्कलही मिळते, तेव्हा पक्के बिल मागावे. मायापुरीच्या भंगार बाजारातून आणलेले इंजिन बसवले तर इंजिन क्रमांक बदलतो. त्याची नोंद परिवहन कार्यालयात करून घेतली नाही, तर पुढे मोटार विकताना किंवा विम्याचा दावा करताना अडचण येते.

मोटार गावी न्यायची असल्यास

दिल्लीत आयुष्य संपलेली मोटार ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन, जेथे अशा वाहनांची नोंदणी होते तेथे नेता येते. मात्र त्यासाठी आधी ज्या जिल्ह्यात ती न्यायची त्या परिवहन कार्यालयात चौकशी करावी, मग दुरुस्ती. पंधरा वर्षांनंतर मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाले. वीस वर्षांहून जुन्या मोटारींसाठी ते ऑगस्ट २०२५ मध्ये १०,००० करण्यात आले. महाराष्ट्रात पर्यावरण कर निराळा. तपासणीत गंजलेला पत्रा आणि अस्पष्ट झालेला चॅसिस क्रमांक अडथळा ठरतात, त्यामुळे इंजिनावर पैसे घालण्यापूर्वी मोटार लिफ्टवर चढवून तिचा तळ पाहून घ्यावा. तळ कुजलेला असेल, तर नोंदणीकृत भंगार केंद्राकडे देणे हा पर्याय उरतो. तेथे मिळणाऱ्या ठेव प्रमाणपत्रावर नव्या मोटारीचे नोंदणी शुल्क माफ होते आणि राज्याच्या नियमानुसार मोटार वाहन करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत मिळू शकते. प्रलंबित चलने मात्र दोन्ही मार्गांत आधी भरून टाकावीत.