जुरोंग सरोवराकाठचे शेजारी

जुरोंग ईस्टमध्ये राहणाऱ्या आपल्या कुटुंबांपैकी कोणाच्या घराला परसदार असल्याचे आमच्या ऐकिवात नाही. एचडीबीच्या अकराव्या मजल्यावर परसदार म्हणजे स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर कपडे वाळत घालण्याच्या काठ्या. खरे परसदार लिफ्टने खाली उतरून रस्ता ओलांडल्यावर लागते. ते म्हणजे जुरोंग लेक गार्डन्स. सुमारे नव्वद हेक्टरांच्या या परसदाराचे मालक आपण एकटेच आहोत, असा आमचा समज बरीच वर्षे होता.

मागच्या डिसेंबरमध्ये वर्ध्याहून आई आली होती. तिला पहाटे फिरण्याची सवय आहे आणि येथे सूर्य सातच्या सुमारास उगवतो. (१९८२च्या आरंभी सिंगापूरने आपले घड्याळ अर्धा तास पुढे केले. तेव्हापासून येथील पहाट घड्याळाच्या मानाने फार उशिरा होते.) सव्वासहाच्या काळोखात आई, स्कूटर ढकलणारा आमचा सहा वर्षांचा मुलगा आणि आम्ही पाण्याकडेच्या वाटेवर होतो. आधी शिट्ट्यांसारखे बारीक, चिरके आवाज आले. मग कठड्याखालून ओली, काळपट अंगे एकामागून एक वाटेवर चढली. दहा तरी असतील. त्यांतले एक मागच्या पायांवर उभे राहून आमच्याकडे रोखून पाहू लागले आणि नाकातून फुत्कारले. आईने नातवाचा दंड धरून त्याला मागे ओढले. “अरे बापा, येवढे मोठे मुंगूस!” एवढेच ती म्हणाली. मिनिटभरात सारा घोळका गवतातून पलीकडे गेला. मागे राहिला तो माशांचा उग्र वास.

ती मुंगसे नव्हती, पाणमांजरे होती. या जातीचे पूर्ण वाढलेले पाणमांजर शेपटीसह मीटरभर लांब भरते आणि वजन सात ते अकरा किलोंपर्यंत जाते. एक नर-मादीची जोडी आणि तिच्या मागच्या-पुढच्या वेतांची पिल्ले असे ते एकत्र कुटुंब असते. मासे घेरताना, बीळ उकरताना, लहानग्यांना पोहायला शिकवताना सारे एकत्र. हीच जात आपल्याकडे सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या खाड्यांत, कावेरीत, चंबळेतही आहे. बांगलादेशातल्या नडाइल भागातील मच्छीमार तर पिढ्यान्‌पिढ्या माणसाळलेल्या पाणमांजरांकरवी मासे जाळ्यात हाकत आले आहेत. म्हणजे परदेशात भेटलेला हा प्राणी मुळात आपल्याच मुलखाचाही रहिवासी. आमच्यापैकी बहुतेकांनी तो प्रथम येथे पाहिला, ही गोष्ट वेगळी.

त्या सकाळनंतर आपल्या मंडळींत बरीच चर्चा झाली. लहान मुले असलेल्या घरांनी विचारले, हे प्राणी चावतात का? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर गोडगोड देण्यात अर्थ नाही. चावतात. ३० नोव्हेंबर २०२१ रोजी येथील बोटॅनिक गार्डन्समध्ये पहाटेच्या अंधारात एक धावणारी व्यक्ती थेट पाणमांजरांच्या घोळक्यात शिरली. बिथरलेल्या घोळक्याने मागून चालत येणाऱ्या दुसऱ्याच माणसाला खाली पाडले आणि त्याच्या अंगावर वीसहून अधिक चावे घेतले. त्या घोळक्यात पिल्ले असली, तर असे होणे अनाकलनीय नाही. काही बंगल्यांच्या तळ्यांतील महागडे कोई मासे फस्त झाल्याच्या तक्रारीही आहेत. ‘यांना शहराबाहेर न्या’ ही मागणी त्यातूनच आली.

पण ती मान्य करण्याआधी हे प्राणी आले कसे, हे पाहायला हवे. एकेकाळी सिंगापूरच्या नद्यांत डुकरांच्या आणि बदकांच्या गोठ्यांची घाण, फेरीवाल्यांचे खरकटे आणि झोपड्यांचे सांडपाणी सरळ उतरत असे. २७ फेब्रुवारी १९७७ रोजी पंतप्रधान ली क्वान यू यांनी दहा वर्षांत नद्या स्वच्छ करण्याचे आवाहन केले आणि १९८७पर्यंत ते काम पार पडले. पाण्यात मासे परतले. १९९०च्या दशकाच्या अखेरीस सुंगेई बुलोच्या दलदलीत पाणमांजरांनी पुन्हा बस्तान बसवले. २०१६मध्ये बिशानचे कुटुंब इतके लोकप्रिय झाले, की एका वृत्तपत्राच्या वाचकांनी देशाच्या ५१व्या वर्धापनदिनाचे प्रतीक म्हणून त्याला निवडले. आपले जुरोंग सरोवर मात्र निसर्गाने दिलेले नाही. १९७१मध्ये जुरोंग नदीला बांध घालून ते घडवले, तेही कारखान्यांच्या नगरीला थोडी हिरवळ असावी म्हणून. माणसाने केलेले तळे पाणमांजरांनी आपलेसे केले.

या कथेचा एक भाग कौतुकाच्या भरात गाळला जातो. नदी स्वच्छ झाली, तेव्हा काठावरची माणसे हलवली गेली. गोठेवाल्यांचा धंदा गेला, झोपड्यांतील कुटुंबे उंच इमारतींत गेली, फेरीवाले हॉकर सेंटरांत गेले, मालवाहू नावा पासिर पांजांगला धाडल्या गेल्या. अनेकांना पक्के घर आणि नळाचे पाणी मिळाले, हे खरेच. तरीही ज्यांची जागा गेली, त्यांची नावे पाणमांजरांच्या नावांइतकी कोणाच्या ओठांवर नाहीत. आजही सकाळी कालव्यातला गाळ आणि प्लास्टिक काढणारे हात बहुतेक तमिळनाडू आणि बांगलादेशातून आलेल्या कामगारांचे असतात. आई हे सारे ऐकून घेत होती. मग ती एवढेच म्हणाली, की तिच्या लहानपणी गावच्या नदीवर जनावरे जिथे पाणी ढवळत, त्याच्या खालच्या अंगाला आपल्या वस्तीचा पाणवठा होता. आमच्या मुलाने विचारले, “का?” उत्तर द्यायला ती रविवारची सकाळ पुरली नाही.

आमच्या मते पाणमांजरांना हुसकावण्याची मागणी आपण उचलून धरू नये. एखाद्या कुटुंबाने दाट वस्तीत बीळ केले, तर त्याला हलवण्याचे काम जाणकारांचे. त्यासाठी नॅशनल पार्क्स बोर्डासह अनेक संस्थांचा गट २०१६पासून काम करतो आहे. एक कुटुंब गेले, तर रिकाम्या जागी दुसरे येते. नद्यांना कुंपण घालता येत नाही.

आपल्या हाती असलेल्या गोष्टी साध्या आहेत. पहाटे पाण्याकडेच्या वाटेवर मुलांना हाताशी धरावे आणि कानांतली यंत्रे काढून ठेवावीत, कारण शिट्ट्या आधी ऐकू येतात. घोळका दिसला, की थांबावे, वाट द्यावी. मध्ये शिरू नये, वाकून बोलावू नये, फ्लॅश मारू नये. कुत्रा असेल तर साखळी आखूड धरावी, कारण कुत्र्यांशी त्यांचे फारसे पटत नाही. आणि उरलेली मासळी, पाव, काहीही टाकू नये. २०२०पासून वन्य प्राण्यांना खाऊ घालणे येथे गुन्हा आहे आणि पहिल्याच वेळी पाच हजार डॉलरांपर्यंत दंड होऊ शकतो. दंडाचे सोडा, पण माणसाकडून खाणे मिळते हे कळलेले जनावर माणसाच्या जवळ येते आणि मग तक्रार त्याच्यावरच होते.

पाहायचेच असतील, तर पहाटे किंवा तिन्हीसांजेला चायनीज गार्डनच्या पुलाजवळ उभे राहावे. पाण्यावर रेघ उमटली आणि ती वळणे घेऊ लागली, की मुलांना हळूच दाखवावी.