भाषांचे जर-तर

मानवाच्या सर्व भाषांत काही समान असेल, तर ते प्रत्येकीत सापडणारे एखादे ठरावीक रूप असावे, अशी आपली स्वाभाविक समजूत असते. परंतु अशा निरपवाद समानधर्मांची यादी फार लवकर संपते, आणि मला अधिक मोलाचा वाटतो तो जोसेफ ग्रीनबर्ग या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने धरलेला निराळा मार्ग. १९६१ साली न्यूयॉर्क राज्यातील डॉब्ज फेरी येथे भरलेल्या परिषदेत त्याने मांडलेला व १९६३ साली ग्रंथात समाविष्ट झालेला निबंध ३० भाषांच्या तुलनेवर आधारलेला असून, त्यातील ४५ नियमांपैकी बरेचसे 'अमुक असेल, तर तमुक असते' अशा सापेक्ष घाटाचे आहेत.

'शेतकऱ्याने विहिरीजवळ बैल बांधला' या साध्या वाक्यात क्रियापद अखेरीस आहे, आणि 'जवळ' हे शब्दयोगी अव्ययही नामानंतर आले आहे. या दोन गोष्टी बहुतेक सर्वत्र जोडीनेच आढळतात, असे ग्रीनबर्गचे प्रतिपादन. उलट वेल्शसारख्या, वाक्याचा आरंभच क्रियापदाने करणाऱ्या भाषांत असे अव्यय नामाच्या आधी येते. त्याच्या यादीत मराठी नव्हती, हिंदी आणि कानडी होत्या. त्या भिन्न कुळांतील असल्या, तरी एकाच देशात शतकानुशतके नांदल्यामुळे त्यांची साक्ष स्वतंत्र मानावी काय, हा आक्षेप रास्तच आहे. परंतु जपानी, युरोपातील बास्क आणि अँडीज पर्वतातील केचुआ यांना परस्परांचा शेजार कधीच लाभला नाही, तरीही त्यांची जबानी तीच आहे. क्रियापदाचे कर्माशी आणि अव्ययाचे नामाशी असलेले नाते एकाच जातीचे असल्यामुळे, दोन्हींची दिशा एक राहिली म्हणजे ऐकणाऱ्याच्या स्मृतीवरील भार हलका होतो, अशी याची एक उपपत्ती सांगितली जाते.

फारसी मात्र क्रियापद अखेरीस ठेवूनही अव्यय नामाआधी आणते: जुन्या दप्तरांतून आपल्याकडे रुळलेल्या 'बरहुकूम' या शब्दात 'बर' आधी व 'हुकूम' नंतर आहे, तर 'हुकमाप्रमाणे' म्हणताना आपला क्रम नेमका उलटा होतो.

वचनाचा नियम याहून कडक आहे. द्विवचन असलेल्या भाषेत अनेकवचन असलेच पाहिजे. संस्कृतापासून मराठीपर्यंतच्या प्रवासात लोपले ते द्विवचनच.

वाक्यात कर्माला अग्रस्थान देणारा क्रम मात्र कोणत्याही भाषेत प्रचलित नसावा, असे पुष्कळ काळ मानले जात होते. ब्राझीलच्या अरण्यातील हिश्कार्याना भाषेचा डेस्मंड डर्बीशायर याने बारकाईने अभ्यास केला, आणि तिथे आधी कर्म, मग क्रियापद व शेवटी कर्ता हाच नित्याचा क्रम असल्याचे त्याने १९७७ साली दाखवून दिले. काही शे माणसांच्या त्या बोलीचे व्याकरण कोणी लिहिलेच नसते, तर तो समज आणखी कितीतरी काळ सिद्धान्त म्हणून शिकवला गेला असता.