रिकाम्या पोटी पळताना

सकाळी सहाला मैदानावर चकरा मारणाऱ्यांत हल्ली दोन तट दिसतात. एक केळं खाऊन आलेल्यांचा, दुसरा ‘माझे उपासाचे सोळा तास अजून व्हायचेत’ म्हणणाऱ्यांचा. पोटात काही नसलं की शरीर थेट चरबीला हात घालतं, असं या दुसऱ्यांचं म्हणणं. ते खोटं नाही. गफलत आहे ती पुढच्या हिशेबात.

शरीरातला साखरेचा साठा, म्हणजे ग्लायकोजेन, मुख्यतः दोन जागी असतो: यकृतात साधारण १०० ग्रॅम, स्नायूंत ४००च्या आसपास. रात्रभर मेंदूला साखर पुरवतं ते यकृत, त्यामुळे सकाळपर्यंत त्याचा साठा बराच उतरलेला असतो. स्नायूंनी मात्र आपल्या कोठीला कुलूप घातलेलं असतं. ती साखर रक्तात सोडण्यासाठी लागणारं एन्झाइमच त्यांच्याकडे नाही. तिथली साखर तिथेच खर्चायची. म्हणूनच उपाशीपोटी झपाझप चालणारा निरोगी माणूस सहसा कोसळत नाही. शिवाय इन्सुलिन खाली असल्याने चरबीच्या पेशींतून मेदाम्लं सुटत राहतात आणि बेताच्या वेगात स्नायूंचं त्यांवर छान भागतं. आहाराचा सल्ला देणाऱ्या डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं ऐकून ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणाऱ्यांचा वेग बहुतेकांसाठी याच पट्ट्यातला.

मग पोट का उतरत नाही? अमेरिकेत ब्रॅड शोनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी २०१४मध्ये २० तरुणींवर हे तपासलं. चार आठवडे, आठवड्यातून तीनदा तासभर व्यायाम, सगळ्यांचा आहार बेतून कमी केलेला. काही जणी उपाशी, काही खाऊन. शेवटी दोन्ही गटांच्या चरबीत म्हणावा असा फरक निघाला नाही. २० जणींचाच हा प्रयोग, पण तर्काला धरून: सकाळी जास्त जळलेली चरबी शरीर दिवसभरात भरून काढू शकतं.

फायदा दुसरीकडे असावा. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठाच्या २०१९च्या अभ्यासात वजन जास्त असलेल्या पुरुषांनी सहा आठवडे न्याहारीआधी किंवा नंतर सायकल चालवली. वजनात दोन्ही गट सारखेच. न्याहारीआधीवाल्यांचं इन्सुलिन मात्र अधिक परिणामकारक झालं. मला वजनकाट्यापेक्षा ही बातमी मोठी वाटते.

तासाभराहून लांब पळायचं असेल, तर आधी खाल्लेलं कामी येतं. स्नायू कमवायचे असतील, तर दिवसभरात पुरेशी प्रथिनं हवीत; आणि खाण्याची खिडकी आठ तासांची झाली की नेमकी तीच कमी पडू शकतात.

मधुमेहींची गोष्ट वेगळी. ग्लिमेपिराइडसारखी गोळी जेवण नसतानाही इन्सुलिन सोडायला लावते आणि व्यायाम करणारे स्नायू इन्सुलिनशिवायही साखर ओढतात. दोन्ही एकदम झालं की साखर धोकादायक खाली जाते. त्यात रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर चालू असेल, तर धडधड आणि थरथर या खुणा दबतात. उरतो तो घाम, आणि पळताना तो सगळ्यांनाच येतो. अशांनी उपासाआधी डॉक्टरांकडून गोळ्यांच्या वेळा नि मात्रा बदलून घ्याव्यात.