तासाचे पैसे, सामानाचे पैसे : बिल कसं करायचं?



गेल्या वर्षी गणपतीच्या आधी निडीच्या एका गटाला पेणकडच्या एका व्यापाऱ्याचं काम मिळालं. 40 मूर्तींना कापडी धोतर नेसवायचं, शेला-फेटा बांधायचा, खडे लावायचे. दर ठरला एका मूर्तीला 300 रुपये, सामान आपलं. म्हणजे 12,000 रुपये. सगळ्या खूश होत्या. मीसुद्धा. "घ्या ताई, चांगलं काम आहे," असं मीच म्हटलं होतं.

हिशोब असा होता : सामान 5,200 रुपयांचं, चौघीजणी, सहा दिवस. पण तिसऱ्या दिवशी निरोप आला, गिऱ्हाइकाला फेटा भगवा नको, जांभळा हवाय. मग खडे कमी वाटले. मग 14 मूर्तींची धोतरं सोडून पुन्हा नेसवली. सहाचे अकरा दिवस झाले, सामान गेलं 6,900 वर. हातात उरले 5,100. चौघींचे मिळून 44 रोज भरले. भागाकार केला तर एका रोजाला जेमतेम 116 रुपये! त्या वर्षी आपल्या राज्यात रोजगार हमीचा दर 312 रुपये होता.

व्यापाऱ्यानं फसवलं असं म्हणता येणार नाही. त्यानं ठरलेले पैसे दिले. चुकलं ते आपलं बोली करणं. काम किती लागणार हे माहीत नसताना आपण ते उक्तं घेतलं, म्हणून प्रत्येक बदलाचा भार आपल्याच अंगावर आला.

अशा कामाला दुसरी पद्धत असते. जेवढे तास लागले त्याचे पैसे, जेवढं सामान लागलं त्याचे पैसे. गवंडी जुन्या घराची डागडुजी रोजावर घेतो आणि सिमेंट-रेती मालकाकडून घेतो, तेच हे. भिंत उकरल्याशिवाय आत काय निघेल हे त्याला तरी कुठे माहीत असतं?

आता तासाचा दर. इथे बहुतेक गट फक्त मजुरी धरतात. पण मशीनची दुरुस्ती, वीज, सामान आणायला पेणला जाण्यात गेलेला वेळ, हिशोब लिहिणारीचा वेळ हे सगळं कुठून येणार? समजा, दिवसाला हातात 360 रुपये यायला हवेत आणि वरचा खर्च एकीमागे 60. झाले 420. दिवसभरात खरं हाताचं काम सात तासच होतं (जेवण, चहा, पोरांच्या हाका सोडून). म्हणून तासाला 60 रुपये. तुमचा आकडा वेगळा येईल, पण तो असाच काढा.

सामान पावतीच्या किमतीला लावायचं आणि वर, समजा, 10 टक्के : आणण्याची धावपळ आणि कापडाच्या चिंध्या यांच्यासाठी. हे दहा टक्के लपवायचे नाहीत, आधीच सांगायचे. सामानाचे पैसे आगाऊ मागायचे, गटाचं कर्ज काढून दुसऱ्याचा माल भरायचा नाही.

या दरानं मी जुनं काम पुन्हा मांडलं. एकही बदल झाला नसता तरी 24 रोज म्हणजे 168 तास, त्याचे 10,080 रुपये. सामान दहा टक्के धरून 5,720. एकूण 15,800, म्हणजे मूर्तीला 395. थोडक्यात, 300 हा दर पहिल्या दिवसापासूनच कमी होता.

गिऱ्हाईक विचारेल, "तुम्ही मुद्दाम हळू काम केलंत तर?" प्रश्न रास्त आहे, रागावू नका. त्याला दोन गोष्टी द्या. पहिली, अंदाज आणि मर्यादा : "साधारण 170 तास लागतील. 140 झाले की कळवू. 170 च्या वर तुमच्या होकाराशिवाय जाणार नाही." दुसरी, वही. रोहयोच्या कामावर हजेरीपट असतो, तशी. तारीख, कोण, किती ते किती, काय केलं, आणि बदल असेल तर कोणाच्या सांगण्यावरून. रोज संध्याकाळी लिहायची, आठवून आठवड्यानं नाही. दोन दिवसांनी पानाचा फोटो त्याला व्हॉट्सॲपवर पाठवायचा. फेट्याचा रंग बदलायचे 20 तास, म्हणजे 1,200 रुपये, हे त्याला त्याच दिवशी दिसलं असतं तर जांभळा फेटा कदाचित झालाच नसता.

आपल्या चुकीनं उसवावं लागलं तर ते तास बिलात घालायचे नाहीत. नवी मुलगी शिकत असेल तर तिचे पूर्ण तास लावायचे नाहीत. वहीत मात्र तेही लिहायचे, म्हणजे पुढच्या वेळी अंदाज बरोबर येतो.

सगळीच कामं अशी घेऊ नका. 2024-25 मध्ये माविममार्फत गटांकडे शाळेचे गणवेश शिवायला आले, तिथे नगावर दर होता आणि तो प्रकार योग्यच आहे, कारण एक गणवेश कसा शिवायचा ते ठरलेलं असतं. पापडही किलोवरच. कधी दोन्ही मिळून चालतं : धोतर-फेटा उक्ता, खडे आणि बदल तासावर.

व्यापारी यंदा पुन्हा आलाय. तासाचं नाव काढल्यावर त्याचा चेहरा पडला, पण धोतर-फेट्याचा नगावर दर आणि बदल तासावर, एवढ्यावर तो बोलायला तयार झाला आहे. वहीचा कोरा नमुना मी ग्रामसंघाच्या पुढच्या बैठकीला आणते. तुमच्याकडे सुरू असलेल्या एखाद्या कामाच्या पावत्या घेऊन या, तिथेच बसून दर काढू.