आठव्या स्वराचे कॉर्ड

चार मात्रांच्या बारमध्ये प्रत्येक मात्रेला दोन स्वर धरले तर जागा होतात आठ, आणि स्केलमध्ये स्वर असतात सात. सरळ उतरत आलं की पुढच्या बारमध्ये सगळं एका घराने सरकतं. मात्रेवर हवा असलेला स्वर दोन मात्रांच्या मधे पडतो. १९४०च्या दशकात हार्लेमच्या मिंटन्स प्लेहाउसमध्ये बीबॉप घडत होतं. चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पी यांच्या भरधाव लयीत मधे एक जादा अर्धस्वर घेऊन हा हिशेब जुळवण्याची रीत पक्की झाली. पुढे इंडियाना विद्यापीठात शिकवणाऱ्या डेव्हिड बेकर यांनी तिला ‘बीबॉप स्केल’ म्हणून अभ्यासात आणलं.

गिटार शिकणारे बहुतेक जण इथेच थांबतात. आठवा स्वर म्हणजे सोलोमध्ये जाता जाता स्पर्शायचा स्वर, एवढंच त्यांना ठाऊक असतं. त्या स्वराचं खरं मोल कॉर्डमध्ये आहे असं मला वाटतं, आणि डेट्रॉइटचे पियानोवादक बॅरी हॅरिस (१९२९–२०२१) यांनी जन्मभर तेच शिकवलं.

बिलावलचे शुद्ध स्वर घ्या आणि पंचम-धैवताच्या मधे कोमल धैवत घाला. आता एक सोडून एक स्वर उचला. सा, ग, प, ध हा झाला सिक्स्थ कॉर्ड. उरले रे, म, कोमल धैवत आणि नि: हा डिमिनिश्ड. या दुसऱ्या कॉर्डखाली पंचम ठेवून ऐका, षड्जाकडे जायची ओढ लगेच कळते. सात स्वरांच्या स्केलमधून पायरीपायरीने कॉर्ड बांधले तर दर पायरीला वेगळा स्वभाव निघतो. आठ स्वरांतून मात्र दोनच निघतात, घर आणि घराबाहेर, आणि ते आळीपाळीने येतात. मेलडी कुठल्याही पायरीवर असो, तिच्याखाली या दोहोंपैकी एक कॉर्ड तयार असतो.

पियानोवर ही चाल आधीच रुळली होती. मिल्ट बकनर आणि जॉर्ज शिअरिंग मेलडीच्या प्रत्येक स्वराखाली दाट कॉर्ड सरकवत. गिटारवर एवढे जवळजवळचे स्वर बोटांत मावत नाहीत, म्हणून वरून दुसरा स्वर एक सप्तक खाली टाकतात. याला ‘ड्रॉप टू’ म्हणतात. वेस माँटगोमेरी (१९२३–१९६८) आधी सुटे स्वर, मग ऑक्टेव्ह, मग कॉर्ड अशा चढत्या क्रमाने सोलो बांधत, तेही पिक न वापरता, अंगठ्याने. १९६०चा ‘द इन्क्रेडिबल जाझ गिटार ऑफ वेस माँटगोमेरी’ ऐकताना त्यांचे कॉर्ड गात असल्यासारखे वाटतात, कारण दोन कॉर्डांमधल्या पायऱ्याही भरलेल्या असतात.

हाती घेऊन पाहा. सी स्केलमध्ये चौथी ते पहिली अशा चार तारा पाचव्या फ्रेटवर एकाच बोटाने दाबा: सी सिक्स्थ. प्रत्येक तारेवर स्केलमधल्या पुढच्या स्वरावर जा: ६, ७, ६, ७, हा डिमिनिश्ड. पुन्हा पुढे: ७, ९, ८, ८, परत सी सिक्स्थ. त्यापुढे ९, १०, ९, १०. डिमिनिश्डचा आकार दर तीन फ्रेटला तोच राहतो, त्यामुळे निम्मं पाठांतर आपोआप होतं.

वापरही मोठा आहे. एफ सिक्स्थचे चार स्वर म्हणजेच डी माइनर सेव्हन, तेव्हा डी माइनर सेव्हन आला की एफचं हेच स्केल चालतं. जी सेव्हनसाठी डी माइनर सिक्स्थ घ्यावा, गंधार कोमल करून, बाकी रचना तीच.

हॅरिस यांची सर्वांत सुंदर गोष्ट मात्र उसन्या स्वरांची. ६, ७, ६, ७ वाजवा. मग खालच्या तीन तारा पाचव्या फ्रेटवर आणा, पण पहिल्या तारेवरचा निषाद सातव्या फ्रेटवर तसाच धरून ठेवा. हाताखाली येतो तो सी मेजर सेव्हन, जो पुस्तकांतून स्वतंत्र कॉर्ड म्हणून पाठ केलेला असतो. इथे त्यातला निषाद शेजारच्या कॉर्डचा आहे आणि अजून परत गेलेला नाही. बोट पाचव्या फ्रेटवर सोडा किंवा आठव्यावर न्या, आणि तोवर जेवढं थांबवेल तेवढं थांबा.