तिकीट न काढणारं वजन

पुण्यात स्वारगेटहून मार्केट यार्डमार्गे बिबवेवाडीत शिरलेल्या पीएमपीच्या शहर बसला अप्पर इंदिरानगर डेपो गाठताना शेवटी चढ लागतो. दर चौकात थांबायचं, पुन्हा पहिल्या गिअरपासून निघायचं, त्यात हा चढ. बस घेणारे लोक किमतीइतकंच वजन का पाहतात, ते अशा मार्गावर कळतं.

बारा मीटर लांबीची शहरी बस रिकामी असताना साधारण १० टनांची धरू. साठ प्रवासी चढले तरी त्यांचं वजन चार टनांच्या आतच. म्हणजे भाडं देणारं वजन चार टन आणि फुकट हिंडणारं दहा! अशी भरलेली बस थांब्यावरून निघून ताशी ३६ किलोमीटरचा वेग घेते तेव्हा सुमारे ७ लाख ज्यूल ऊर्जा लागते. इंजिनाची कार्यक्षमता ३५ टक्के धरली, तर हे जवळपास ५५ मिलिलिटर डिझेल होतं. त्यातलं ४० मिलिलिटर निव्वळ बसच्या स्वतःच्या वजनापायी जळतं आणि पुढच्या थांब्यावर ब्रेक लायनर तापवून हवेत जातं. दहा मीटर उंची चढायची म्हणजे असेच आणखी दोन थांबे घेतल्यासारखं. एक टन वजन घटवलं आणि दिवसाला ३०० थांबे धरले, तर एका बसमागे जवळपास सव्वा लिटर डिझेल वाचतं. टायर, ब्रेक आणि स्प्रिंगच्या पाट्यांची झीज कमी होते, ती वेगळीच.

रस्त्याचं गणित तर थक्क करणारं आहे. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, ओटावाजवळ १९५८ ते १९६० या काळात खास बांधलेल्या रस्त्यांवर सतत ट्रक फिरवून पाहिले गेले. रस्त्याची हानी आसावरच्या भाराच्या साधारण चौथ्या घातानुसार वाढते, असा त्या चाचणीचा निष्कर्ष. म्हणजे भार दहा टक्क्यांनी उतरवला की हानी जवळपास तिसऱ्या हिश्श्याने घटते. एरवी या बचतीशी बसवाल्याला काही देणंघेणं नसतं, कारण रस्ता महापालिकेचा. पुण्यात मात्र २००७ साली स्थापन झालेल्या पीएमपीची, म्हणजेच पीएमपीएमएलची, तूटही मुख्यतः पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकाच भरतात. इथे खड्डा आणि तोटा एकाच तिजोरीतून बुजवायचे असतात.

मग सगळ्याच बस लहान घ्याव्यात का? नाही. मिडी, म्हणजे कमी लांबीच्या, बसलाही चालक एकच लागतो आणि पगार गाडीच्या लांबीवर ठरत नाही. अरुंद गल्लीत किंवा कमी गर्दीच्या वेळी ती शोभते; ऐन गर्दीच्या फेरीला मोठीच गाडी हवी. खरी कसोटी दर प्रवाशामागे किती किलो बस ओढावी लागते, ही आहे.

हलकेपणाचीही किंमत असते. एसटीच्या लाल परीची बॉडी वर्षानुवर्षं ॲल्युमिनियमची होती. हा धातू पोलादाच्या सुमारे एक तृतीयांश वजनाचा आणि न गंजणारा. तरीही गेल्या दशकात महामंडळ पोलादी बॉडीकडे वळलं, कारण अपघातात प्रवाशाभोवतीचा सांगाडा टिकावा. माझ्या मते हा जास्तीचा भार रास्तच.

बॉडीसारखाच इंधनाच्या साठ्याचाही भार असतो. सीएनजी बसमध्ये पोलादी टाक्या आतल्या गॅसच्या पाच-सहा पट जड असतात. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुण्यात पहिल्या ई-बस आल्या, त्या नऊ मीटरच्या. ई-बसमध्ये बॅटरीचा बोजा वाढतो, पण वेग कमी करताना मोटारच जनित्र होते. अप्परहून स्वारगेटकडे उतरताना चढासाठी खर्चलेल्या विजेचा काही भाग ती बॅटरीत परत भरते. डिझेलच्या गाडीला हे जमत नाही.